सोजरबाईचा हौद आणि दादारावाचा सभात्याग

आमच्या नगरपालिकेची घंटागाडी रोज सकाळी येते आणि गावचा कचरा उचलून नेते. पण सभागृहात जे किस्से पडून राहतात ते उचलायला अजून कोणती गाडी निघाली न्हाई. म्हणून ते साठत जातात. मी उत्तम, तिथला नगरसेवक, दुसऱ्यांदा निवडून आलेला. बाहेर माझं कापडाचं दुकान हाय. दुकानात गिऱ्हाईक कमी आणि किस्से ऐकणारे जास्त बसतात. बायको म्हणते, ह्याच्यापेक्षा कापडच फुकट वाटा, निदान तोंडाला तरी आराम मिळंल.

गावाचं नाव सांगत न्हाई. जिल्हा हिंगोली, एवढं पुरे. नाव सांगितलं की लगेच कोणीतरी फोन करून विचारतं, तो दादाराव म्हणजे आमचाच का? व्हय म्हणावं तर तकलीफ, न्हाई म्हणावं तर खोटं.

*

मधे लई दिवस नगरपालिकेवर प्रशासक होता. मग निवडणूक लागली आणि आरक्षणाच्या सोडतीत नगराध्यक्षपद बाईसाठी निघालं. आमच्या गटाच्या पुढाऱ्यांनी सोजरबाईला उभं केलं. साठी ओलांडलेली बाई, धनगराची, अर्धी जिंदगी मेंढरांच्या मागं चालण्यात गेलेली. पुढाऱ्यांचा हिशोब साधा होता. बाई भोळी हाय, म्हणू तिथं सही करंल, बाकी आपण बघून घेऊ. मीही त्या हिशोबात होतो, खोटं काहून बोलू?

पहिली सभा. व्यासपीठावर अध्यक्षाची उंच खुर्ची, तिच्यावर पांढरा टॉवेल, समोर हार-गुच्छ. बाई आत आली, खुर्चीकडं बघितलं आणि सरळ चालत सगळ्यात मागच्या रांगेत जाऊन बसली.

आमचे सीओ साहेब, म्हणजे मुख्याधिकारी, तरणाबांड पोरगा, पुण्याकडचा. नियमाला पक्का, पण मनानं चांगला. तो घाईघाईनं मागं गेला आणि म्हणाला, "मॅडम, तुमची जागा समोर आहे."

"साहेब, मेंढरं मागून हाकत असतेत," बाई म्हणली. "म्होरं बसल्यावर कोण कुठं चाललं, ते कसं दिसंल?"

 आमची तुलना कशाशी झाली हे कळायला सगळ्यांना जरा वेळ लागला. मग पुढारीच आधी हसले, कारण हसण्याशिवाय इलाज नव्हता. शेवटी तडजोड झाली. सभा चालू होण्याआधी बाई मागं उभी राहून सगळं सभागृह नजरेखालून घालते, मग व्यासपीठावर जाते. आजपण तसंच करते. आणि खरं सांगतो, ती मागं उभी असली की पाठ आपोआप ताठ होते.

*

आता दादाराव. हा विरोधी गटाचा नेता. बाजार रोडवर मोठं घर, खाली खता-बियाण्याचं दुकान, आणि आवाज असा की माइकची गरज न्हाई. दादारावाचा एकच नियम, सत्तावाले पूर्व म्हणले की हा पश्चिम. विषय कोणताही असो, तो उठणार, टेबलावर हात आपटणार, "सभात्याग!" म्हणणार आणि निघणार. त्याच्या मागं त्याचा सगळा गट.

आमच्या सभागृहात चपला बाहेर काढायची रीत हाय. समोर थोर लोकांच्या तसबिरी हायेत, दिवा लागतो, म्हणून जुन्या लोकांनी ती पाडली. पण दादाराव रागात असला की त्याला चपला दिसत न्हाईत. तो अनवाणीच जिना उतरतो. मग मागून कोणीतरी त्याच्या चपला घेऊन जातो. बऱ्याच वेळा मीच! माझं दुकान त्याच्या घराच्या वाटेवर हाय ना.

एकदा नालीच्या कामाचा विषय होता. आमच्या गटातले काही लोक गैरहजर, दादारावाचं पारडं जड. तो नुसता बसून राहिला असता तरी जिंकला असता. पण सवय! उठला, "सभात्याग!" आणि गट घेऊन बाहेर. आमी पाच मिनिटांत ठराव पास केला. दुसऱ्या दिवशी सीओ साहेबानं त्याला केबिनमधे बसवून, चहा पाजून समजावलं की दादासाहेब, बाहेर गेलेल्या माणसाचं मत मोजता येत नाही, ज्या दिवशी तुमचे लोक जास्त असतील त्या दिवशी कृपा करून बसून राहा.

दादाराव लई वेळ विचारात पडला म्हणे. मग सीओचा हात धरून म्हणला, "साहेब, हे आधी कोणी सांगितलंच न्हाई. आता बहुमत असलं की दादाराव खुर्ची सोडणार न्हाई. माझी जबान हाय." आणि त्यानं ती पाळली. त्याच्यानंतर तो सभेत आला की आधी डोकी मोजायचा. हे ध्यानात ठेवा, पुढं लागंल.

*

रस्त्यावरच्या एलईडी दिव्यांचा विषय असा पेटला की विचारू नका. आधी कोणत्या वॉर्डात लावायचे, ह्याच्यावर सगळे उभे. माइक बंद पडलेला. सीओ साहेब "प्लीज, प्लीज" करून राहिला, त्याला ऐकतो कोण? एक मेंबर खुर्चीवर चढला. दादाराव तर उभाच होता, तो बसलेला असतो कधी?

सोजरबाई व्यासपीठावर शांत बसलेली. तिनं पदर खोचला, जीभ टाळूला लावली आणि रानात मेंढरांना देतात ती हाळी दिली. "हिर्रर्र… हीऽऽ हो!"

देवाशपथ सांगतो, सगळं सभागृह खाली बसलं. मी बसलो, दादाराव बसला, खुर्चीवर चढलेला खुर्चीतच बसला. बाहेर व्हरांड्यात चहाचा ट्रे घेऊन उभा असलेला शिपाई, तोपण ट्रेसकट बसला. आमच्यातल्या एकाही माणसानं जन्मात मेंढरं राखली नव्हती, तरी कसं कळलं कोणास ठाऊक.

"आता बोला," बाई म्हणली. "एकेक."

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणली, मलापण शिकव म्हणावं.

*

बाजार रोडवर दादारावाच्या घरासमोर नगरपालिकेचा बगिचा हाय. बगिचा म्हणायचा, पण होतं काय, तर वाळलेली रोपं आणि बकऱ्या. त्याला नाव कोणाचं द्यायचं ह्याच्यावर दोन गट भिडले. आमचं एक नाव, दादारावाचं एक नाव. दोन सभा त्याच्यात वाया गेल्या. मोर्चा काढायची भाषा सुरू झाली.

तिसऱ्या सभेत बाईनं विचारलं, "ह्या झाडांना पाणी कोण घालून राहिलं?"

 मग तिनं निकाल दिला. जो गट सालभर पाणी घालंल, त्याच्या म्हणण्यापरमाणं नाव. विषय संपला, पुढचा घ्या.

मग जी शर्यत लागली! सकाळी आमचे लोक बादल्या घेऊन हजर, दुपारी त्यांचे. दादारावानं तर खास हिरवा पाइप आणला, एवढा लांब की त्याच्या अंगणातल्या नळापासून रस्ता ओलांडून बगिच्याच्या पार पलीकडच्या कुंपणापर्यंत जातो. आमच्या गावात नळाला आठ दिवसाला पाणी येतं, पण त्या दिवशी हा माणूस घरची टाकी मागं ठेवून आधी झाडांना पाणी घालायचा. बायको ओरडायची, हा म्हणायचा, पक्षाचं काम हाय. ज्या गावात उन्हाळ्यात हिरवं म्हणून पोपटसुद्धा दिसत न्हाई, तिथं तो बगिचा असा हिरवागार उभा राहिला की येणारा-जाणारा थांबून बघतो. नावाची पाटी अजून कोरी हाय. साल सरलं न्हाई ना. मी तर हात जोडले त्या बाईला.

*

आणि मग हौदाचा विषय आला.

बाजार रोडवर, बगिच्याला लागून, निजामाच्या काळातला दगडी हौद हाय. जनावरांना पाणी प्यायचा. हळद निघाली की साखरा गावाकडची धनगरं आपले कळप घेऊन वसमतच्या बाजूला उतरतात, रिकाम्या रानात मेंढरं बसवायला. त्यांच्या वाटेवर हा हौद. पिढ्यानपिढ्या त्यांची मेंढरं इथं थांबून पाणी पेतात. इथं न्हाई मिळालं तर पुढं हायवे ओलांडल्याशिवाय उघडं पाणी न्हाई.

बाजार रोड सिमेंटचा आणि रुंद करायचा प्रस्ताव आला, आणि हौद बराबर मधे. दुकानदारांना रस्ता रुंद पाहिजे. त्यांच्यातले काही आमच्याच गटातले मेंबर. दादारावाचं दुकान तर हौदाच्या समोर, त्याला सगळ्यात जास्त फायदा. तो जाहीर बोलला की आजकाल जनावरं कोण पाळतं, हौद म्हणजे नुसती अडचण, आणि मेंढरांचं काय, दुसरीकडं पेतील.

इकडं सोजरबाईची थोरली जाऊ गयाबाई, अजून कळप घेऊन फिरती. गेल्या साली हौदात पाणी कमी होतं म्हणून ती कळप घेऊन हायवे ओलांडून गेली. ट्रकखाली मेंढरं गेली, तिचा पाय गेला म्हणजे जायबंदी झाला. आता काठी टेकत चालते. तिनं सोजरबाईला निरोप धाडला होता, हौद गेला तर मेंढरं इकून टाकते, मग माझं काय व्हायचं ते होऊ दे. दोघी सुना म्हणून एकाच दिवशी त्या घरात आलेल्या. सोजरबाईला हे किती लागलं होतं, ते ती बोलली न्हाई. पण त्या आठवड्यात तिनं केबिनमधे चहा घेतला न्हाई, एवढं मी बघितलं.

मी तिच्याकडं गेलो. म्हणलं, बाई, सोपं हाय. तुमी सभेत म्हणा की हौद पाडायलाच पाहिजे. दादाराव लगेच म्हणंल, वाचवायलाच पाहिजे. काम फत्ते!



"उत्तम," ती म्हणली, "मेंढराला फसवून पाण्यावर नेता येतं. माणसाला तसं नेऊ नये. तो मागून इस्वास ठेवत न्हाई."

वर ती म्हणली, हा विषय माझ्या घरचा हाय, त्या दिवशी मी खुर्चीवर बसणार न्हाई आणि हातपण वर करणार न्हाई. सीओ साहेबानं तिला सांगून बघितलं की मॅडम, कायद्यानं तुम्ही मत देऊ शकता. ती म्हणली, कायद्याचं बराबर हाय साहेब, पण गाव काय म्हणंल? झालं! होतं ते एक मतपण गेलं. डोकी मोजली तर हौद पडणार हे शिपायालापण कळत होतं.

*

सभेच्या दिवशी सकाळी आधी जागेची पाहणी ठेवली होती. पाहणी म्हणजे आमच्याकडं सगळे मेंबर जमतात, बोटं दाखवून फोटो काढतात आणि चहा घेऊन सभेला जातात. आमी सगळे हौदापाशी उभे. ठेकेदारानं तोंडी हुकमावर आधीच हौदाची पाइपलाइन तोडून ठेवली होती. ठराव तर होणारच हाय, थांबायचं कशाला, असा त्याचा हिशोब. हौद कोरडा ठाक.

तेवढ्यात वळणावरून घुंगरांचा आवाज आला. गयाबाईचा कळप. दिवस तिनं मुद्दाम धरला का आपसूक आला, देव जाणे. सगळा बाजार रोड भरून मेंढरं आली आणि सवयीनं हौदाशी गेली. दगडावर तोंडं टेकवली. पाणी न्हाई. तरी हलनात. मागची पुढच्यांना रेटून राहिली, पुढची कोरडा दगड चाटून राहिली. एसटी थांबली, हळदीचे ट्रॅक्टर थांबले. एकाही ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला न्हाई.

गयाबाई काठी टेकत पुढं आली. हौदात वाकून बघितलं. मग जावेकडं बघून हळूच म्हणली, "सोजर, माणसाला सांगता येतं गं, पाणी बंद झालं म्हणून. ह्यांला कसं सांगू?"

 सोजरबाई पदर खोचून कळपाच्या मागं गेली आणि तीच हाळी दिली, जिच्यावर आमचं सगळं सभागृह बसलं होतं. "हिर्रर्र… हीऽऽ हो!"

एक मेंढरू हललं न्हाई.

तिनं परत दिली. आवाज मधेच फुटला. मेंढरं तशीच, दगडाला तोंड लावून.  शेजारी दादाराव उभा होता, त्याच्या दुकानाच्या पायरीवर. त्याच्याकडं बघायची माझी हिंमत झाली न्हाई.

शेवटी सीओ साहेब खाली बघत म्हणाला, "मॅडम, सभेची वेळ झाली."  मेंढरं तिथंच सोडून आमी सभेला गेलो.

*

 सभागृहात सोजरबाई चालत मागच्या रांगेत गेली आणि बसली. उपाध्यक्ष खुर्चीवर. त्यानं विषय वाचला की हौद आहे तिथं ठेवावा आणि रस्ता तेवढ्या जागी अरुंद करावा, असा ठराव एका मेंबरनं मांडला आहे. तो मेंबर मी. बाजूनं किती हात पडतील ते मला ठाऊक होतं, पण मनाला राहवलं न्हाई.

दादारावाच्या गटातला एक जण डोकी मोजून खूष झाला होता. त्यानं दादारावाच्या कानात सांगितलं. ते सगळ्यांनाच ऐकू गेलं.

"बाजूचे कोण?" उपाध्यक्षानं विचारलं, आणि आमचे थोडेफार हात वर झाले. तेवढ्यात दादाराव उभा राहिला. टेबलावर हात आपटला.

"ह्या ठरावाला आमचा कडाडून विरोध हाय! सभात्याग!"

सीओ साहेबाच्या हातातला पेन तसाच राहिला. दादारावाच्या माणसानं त्याचा सदरा धरला. "दादा, बसा! आज आपलं बहुमत हाय!"

"सभात्याग म्हणजे सभात्याग," दादाराव म्हणला. "चला."

तो निघाला, आणि त्याच्या मागं, एकमेकांकडं बघत, सगळा गट. उपाध्यक्षानं हात मोजले. मग विरोधाचे हात मोजले. परत एकदा मोजले. हौद राहिला.

मी मागं वळून बघितलं. सोजरबाईनं पदर तोंडाला लावला होता.

बाहेर आलो तर दादारावाच्या चपला दारातच पडलेल्या. मी उचलल्या आणि बाजार रोडला गेलो. मेंढरं हौदाला दोन्हीकडून लागली होती. त्या दिवशी त्या गल्लीच्या नळाला पाणी होतं, आठ दिवसांनी आलेलं. हिरवा पाइप अंगणातून रस्ता ओलांडून हौदात सोडलेला. दादाराव पांढऱ्या धोतरात, अनवाणी, घोट्याएवढ्या चिखलात उभा. गयाबाई काठीवर हनुवटी टेकून बघत होती.

चपला त्याच्या पायाशी ठेवल्या आणि म्हणलं, "दादा, ठराव पास झाला. हौद राहिला."

"मला न्हाई पसंत," तो म्हणला. "माझा विरोध लिहून घ्या म्हणावं सीओला." आणि पाइपाचं तोंड त्यानं हौदाच्या त्या टोकाला नेलं, जिथं कोकरांचं तोंड पोचत नव्हतं.